ओढ्यापलीकडची दाटवस्ती

“ओढ्यापलीकडं गावच न्हाई, सर. नुसती कुलपं हायती.”

अण्णा हे सरांना सांगत होते, मला नाही. माझी त्यांच्याकडे पाठ होती. मी टाइप करता करता थांबले, आणि थांबलेलं कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून उगाच स्पेसबार दाबत राहिले. पडद्यावर एका वाक्याच्या मधोमध मोठी मोकळी जागा होत गेली.

“पडकी आहेत का घरं?” सरांनी विचारलं.

“पडकी न्हाईत. भिताडं बरी हायती. पर माणूसकाणूस कोन न्हाई. ड्रोन फिरवला तर दोरीवर एक कापड दिसंना. समदी पुण्या-मुंबईला गेली असतील.”

“मग वापर नाही असं टाका.”

“टाकलंय की.”

समदी पुण्या-मुंबईला गेली नव्हती. नागपूरला गेली होती. अण्णांची टीम पाहणीला गेली ती दसऱ्याच्या तोंडावर. त्या वर्षी वस्तीनं मिळून गाडी केली होती आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांसकट जवळजवळ प्रत्येक जण त्या गाडीत बसला होता. मागे राहिलेले दोघं-तिघं सकाळीच मजुरीला गेलेले. मला हे माहीत होतं, कारण त्या कुलपांतलं एक माझ्या आईनं लावलेलं होतं. निघताना तिनं मला फोन करून किल्ली कुठे ठेवली तेही सांगितलं होतं.

ऑफिसात हे कुणालाच माहीत नव्हतं.

आमचं ऑफिस सांगलीत, मार्केट यार्डाच्या मागच्या रस्त्याला, दुसऱ्या मजल्यावर. छोट्या गावांचे विकास आराखडे आणि त्यांच्या बांधकामाच्या नियमावल्या करून द्यायचं काम. सर मालक होते. अण्णा पाहणीचं बघायचे. शेजारच्या टेबलावर नकाशे रंगवणाऱ्या एक ताई होत्या, आणि मी, प्लॅनिंगची पदवी घेऊन आलेली, सगळ्यांत नवी. तेव्हा हातात असलेलं काम सातारा आणि सांगलीच्या हद्दीवरच्या एका गावाचं होतं. नुकतीच तिथे नगरपंचायत झाली होती. ते माझं गाव. गावापासून ओढ्यानं तोडलेली बौद्धवस्ती, ती माझी.

माझं आडनाव ‘कर’नं संपणारं आहे. त्यावरून काही कळत नाही. माझ्या बोलण्यावरूनही काही कळत नाही. पप्पा फौजेत होते. त्यांच्या बदल्यांमागे माझ्या इंग्रजी शाळा बदलत गेल्या आणि शेवटची काही वर्षं मी साताऱ्यात आत्याकडे राहून शिकले. मराठी मला पुस्तकातून आली. सुट्टीत वस्तीत गेले की चुलती बायकांना गोळा करायची. “बोल गं, बोल जरा. आवं ऐका, टीव्हीवानी बोलती ही!” मी आत पळून जायची. तिथे माझं बोलणं मला उघडं पाडायचं आणि ऑफिसात तेच बोलणं मला झाकून ठेवायचं.

ताई मात्र प्रयत्न सोडत नसत. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, त्यांना फक्त माणसाला कुठल्या खणात ठेवायचं ते कळल्याशिवाय करमत नसे. रुजू झाल्याच्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी विचारलं, “तुमच्याकडं गणपती किती दिवसांचा असतो हो?”

“आई फारसं करत नाही,” मी म्हटलं.

“आणि गौरी? उभ्या की खड्यांच्या?”

“मी साताऱ्यालाच असायची, मला नीट माहीत नाही.”

“आडनावावरून कळत नाही हो तुमच्या,” ताई हसत म्हणाल्या आणि डब्यातली अर्धी चपाती माझ्याकडे सरकवली. मी ती खाल्ली. कायमचा पत्ता म्हणून मी आत्याच्या घराचा दिला होता. कुणी विचारलं तर “शिराळ्याच्या अलीकडं” एवढंच सांगायची. ते खोटं नव्हतं. शिराळ्याच्या अलीकडे पुष्कळ काही आहे.

सरांनी मला नियमावलीचं पहिलं प्रकरण दिलं होतं, व्याख्यांचं. त्यांच्या मते इंग्रजी शाळेत शिकलेल्या मुलींचं काम नीटनेटकं असतं. दुकान म्हणजे काय, गोठा म्हणजे काय, शेतघर कशाला म्हणायचं. मला ते काम आवडायचं. रस्त्यावर आपण ज्याकडे नुसतं बघून पुढे जातो, त्याच्याभोवती शब्दांचं कुंपण घालायचं आणि काय आत, काय बाहेर ते ठरवायचं.

एका दुपारी गुऱ्हाळावरून वाद झाला. मूळ मसुद्यात गुऱ्हाळ ‘लघुउद्योग’ या सदरात गेलं होतं. म्हणजे शेती विभागात, नकाशावरच्या हिरव्या पट्ट्यात, त्याला परवानगी मिळाली नसती.

“उद्योगात टाकू नका, सर,” अण्णा म्हणाले. “लोक आपल्याला गुळाच्या काहिलीत टाकून ढवळतील.”

“धूर होतो म्हणून टाकलंय,” ताई म्हणाल्या.

“धूर तुमच्या गाडीचा बी हुतोय की, ताई. तिला काय कारखाना म्हणायचं व्हय?”

तेवढ्यात नगरपंचायतीतून कुणाचा तरी फोन आला. बोलणारा मोठा बागायतदार असावा, कारण सर उभं राहून बोलले. फोन ठेवून त्यांनी मला सांगितलं, “गुऱ्हाळ शेतीपूरक वापरात घ्या. ‘उसावरील प्रक्रिया, हंगामी स्वरूपाची’ असं लिहा.” चहा येईपर्यंत व्याख्या बदललेली होती. मी टाइप करत होते आणि मनात येत होतं, एवढं सोपं असतं हे. कुणीतरी फक्त तोंडानं म्हणावं लागतं.

दाटवस्तीच्या व्याख्येसाठी फोन येणार नव्हता.

दाटवस्ती म्हणजे जुन्या गावाचा घट्ट भाग, जिथे घराला घर लागलेलं असतं. नकाशावर त्याभोवती एक जाड रेघ असते. रेघेच्या आत भिंतीला भिंत लावून बांधता येतं. बाहेर मात्र घराच्या चहूबाजूंनी मोकळी जागा सोडावी लागते, रस्ता ठरावीक रुंदीचा लागतो. हा नियम वाईट नाही. मोठ्या प्लॉटवर बंगला बांधणाऱ्याला तो योग्यच आहे. पण आमच्या घराची एक भिंत आमची आणि दुसरी काकांची. तेवढ्या जागेत चारी बाजू सोडल्या तर उरतो तो बोळ. पप्पा निवृत्त झाल्यापासून ते घर नव्यानं बांधायचं म्हणत होते. पत्रे बदलून झाले होते, मागच्या भिंतीची चीर सिमेंटनं बुजवून झाली होती आणि ती पुन्हा उघडली होती. आई त्या भिंतीकडे डोकं करून झोपत नसे. पप्पांनी परवानगीसाठी अर्ज केला तेव्हा उत्तर आलं की जागा शेती विभागात आहे. नवा आराखडा होतोय, त्यात बघा, असं नगरपंचायतीतल्या माणसानं तोंडी सांगितलं. तेव्हापासून पप्पा नव्या आराखड्याची वाट बघत होते. आणि तो आराखडा आमच्या ऑफिसात, माझ्यापासून हातभर अंतरावर, ताईंच्या स्क्रीनवर होता. गाव पिवळं, ओढा निळा, ओढ्यापलीकडे सगळं हिरवं.

पप्पांचा फोन रोज संध्याकाळी यायचा.

“जेवलीस का?”

“जेवले.”

“नकाशाचं कुठवर आलं?”

“पप्पा, ते ऑफिसचं असतं. सांगता येत नाही.”

“व्हय, व्हय. बराबर हाय. कॉन्फिडेन्शल.” फौजेतला माणूस, त्यांना हे लगेच पटायचं. पटायचं म्हणूनच मला जास्त त्रास व्हायचा. त्यांनी वस्तीतही कुणाला सांगितलं नव्हतं की मी कुठे काम करते. “लोक तुझ्या मागं लागतील,” ते म्हणाले होते. “तुला साहेबाम्होरं अडचण नगं.”

मी सांगलीतल्या भाड्याच्या खोलीत कॉटवर बसून भिंतीकडे बघायची. त्या खोलीला एकच खिडकी होती आणि ती शेजारच्या इमारतीच्या जिन्यात उघडायची. बोलावं तर सर म्हणणार, घरचं काम करून घ्यायला बसलीय. ताईंना अखेर खण सापडणार. आणि खरंच, आपल्याच घराच्या कामात आपण शब्द टाकावा का, हाही प्रश्न होताच. न बोलावं तर घराची ती चिरलेली भिंत. या सगळ्यावर मी रोज विचार करायची आणि रोज त्याच जागी येऊन थांबायची.

एकदा धीर करून सरांना विचारलं, “ओढ्यापलीकडची पाहणी पुन्हा करायची का? म्हणजे, खात्रीसाठी.”

सरांच्या आधी अण्णाच बोलले. “मॅडम, मी सोता जाऊन आलोय तिथं. तुमी गेलाय का कवा तिकडं?”

मी मान हलवली. ती होकाराची होती की नकाराची, माझं मलाही सांगता आलं नसतं. अण्णांनी त्यांना हवा तो अर्थ घेतला.

“मग झालं तर,” ते म्हणाले. रागावले नव्हते. खंडाळ्यापासून शिराळ्यापर्यंत त्यांनी उन्हातान्हात गावं पालथी घातली होती आणि एसीत बसलेल्या पोरीनं त्यांच्या पाहणीवर शंका घ्यावी, हे कुणालाही लागलं असतं.

मग मी दुसरी वाट धरली. सरांनी दिलेली व्याख्या अशी होती: ‘दाटवस्ती म्हणजे नकाशावर त्याप्रमाणे दर्शविलेले, सलग व प्रत्यक्ष वापरातील घरांचे क्षेत्र.’ मी ‘प्रत्यक्ष वापरातील’च्या पुढे हळूच एक तुकडा जोडला, ‘रहिवासी पाहणीच्या वेळी तात्पुरते बाहेरगावी असल्यास त्यांच्या घरांसह’. दोन दिवस तो तुकडा तिथे राहिला. मी अधूनमधून फाइल उघडून त्याच्याकडे बघायची. तिसऱ्या दिवशी सरांनी प्रिंटवर लाल रेघ मारली.

“हे कुठून आलं?”

“मला वाटलं, की...”

“कुठल्या नियमावलीत आहे असं? पुण्याच्या? कोल्हापूरच्या?”

“नाही.”

“मग? अहो, व्याख्येत गोष्ट सांगायची नसते. उद्या कुणीही म्हणेल मी बाहेरगावी होतो.” ते चिडले नव्हते, समजावत होते. “चांगलं काम करताय तुम्ही. पण स्वतःचं काही घालायचं नाही त्यात.”

मी तो तुकडा काढून टाकला.

मसुदा गावात वाचून दाखवायची सभा ठरली. सरांनी सांगितलं, व्याख्या तुम्ही लिहिल्यात, तुम्हीच वाचा. मी म्हटलं मला लोकांसमोर बोलता येत नाही. ते म्हणाले, बोलायचं कुठे आहे, वाचायचंच तर आहे.

आदल्या संध्याकाळी पप्पांनी विचारलं, “सभेला येऊ का?”

“या की. सगळ्यांसाठीच आहे.”

“तुला काय अडचण?”

मला पटकन ‘नाही’ म्हणता आलं नाही. 

“बरं,” पप्पा म्हणाले. “झोप आता.”

ऑफिसच्या गाडीतून मी माझ्याच गावात गेले. वेशीजवळ चहासाठी गाडी थांबली. सगळे उतरले. “चला की मॅडम,” अण्णा म्हणाले. मी म्हटलं माझं डोकं दुखतंय, आणि ओढणी कपाळापर्यंत ओढून काच लावून बसले. टपरीच्या मागून ओढ्यावरचा लहान पूल दिसत होता. पुलावरून शाळेतल्या दोन मुली येत होत्या, त्यातली एक माझी चुलतबहीण असावी. मी खाली वाकून चपलेचा पट्टा नीट करू लागले. गाडी बंद होती, काचा बंद होत्या, आत उकडत होतं, आणि तरी कुणी दार उघडू नये असंच मला वाटत होतं.

नगरपंचायतीचा हॉल भरला होता. पुढच्या खुर्च्यांवर बागायतदार आणि दुकानदार, मागे उभी राहिलेली माणसं. सर, अण्णा आणि मी टेबलामागे. मी वाचायला सुरुवात केली. आवाज माईकमधून दुसऱ्याच कुणाचा तरी यावा तसा येत होता. दुकान झालं, गोठा झाला. गुऱ्हाळाची व्याख्या वाचली तेव्हा पुढच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, “हां, हे ब्येस केलं!” आणि लोक हसले. दाटवस्तीवर आले आणि मान वर केली, तेव्हा दाराशी पप्पा दिसले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हात पाठीमागे बांधलेले. शेजारी माझी चुलती. तिनं मला बघितलं, तिचं तोंड उघडलं आणि पप्पांनी न बघताच तिच्या दंडावर हात ठेवला.  पप्पा सरांकडे बघत होते, माझ्याकडे नाही.

मी ती व्याख्या वाचली. प्रत्यक्ष वापरातील, असं माझ्या आवाजात त्यांना ऐकू गेलं.

सरांनी प्रश्न विचारायला सांगितलं. एकानं रस्त्याच्या रुंदीचं विचारलं, एकानं बाजाराच्या जागेचं. मग पप्पा दोन पावलं पुढे आले.

“साहेब, वस्तीचं विचारायचं हुतं. भिंतीवर नकाशा लावलाय त्यात आमची घरं न्हाईत. हिरवं हाय तिथं.”

“काका, घरं बंद हायती ती,” अण्णा म्हणाले. “मी सोता बघितलीत. कोन ऱ्हातंय तिथं?”

“आमी ऱ्हातोय.”

“अण्णा, झोपेत गेलता काय पाहणीला?” मागून कुणीतरी ओरडलं. थोडं हसू झालं.

पुढच्या रांगेतला एक जण मागे न वळता म्हणाला, “गावठाणात न्हाईच ते. पयल्यापास्नं न्हाई.”

पप्पांनी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. “कवा आला हुता तुमी?” त्यांनी अण्णांना विचारलं.

“दसऱ्याच्या आदी.”

“तवा आमी नागपूरला गेलतो. समदी वस्ती.”

“समदी?” अण्णा हसले. “म्हातारीकोतारी, पोरंबाळं, समदी? असं कुठं असतंय व्हय, काका? घरटी एक माणूस तरी मागं ऱ्हातंय की.”

आता बरेच जण हसले. वाईट हसले असं नाही. त्यांना ते खरंच अशक्य वाटलं असावं. त्यांच्याकडे जनावरं असतात, पाण्याची पाळी असते. घरदार बंद करून अख्खी वस्ती एकाच दिवशी एकाच दिशेनं निघते, हे त्यांनी ओढ्याच्या या बाजूनं कधी मोजलं नव्हतं.

सर नम्रपणे म्हणाले, “काका, आम्हाला पाहणीवरच जावं लागतं. आमच्यापैकी कुणी तिथे माणसं राहताना पाहिलेली नाहीत. तुम्ही लेखी हरकत द्या, विचार करू.” त्या ‘विचार करू’चं पुढे काय होतं ते मला ऑफिसात बसून चांगलं कळलं होतं.

 मग पप्पा पहिल्यांदाच माझ्याकडे वळले. सरळ माझ्या डोळ्यांत बघून, अनोळखी माणसाला बघावं तसं बघून, ते म्हणाले, “मॅडम, तुमी तेवढं लिवून घ्या. वस्तीत माणसं ऱ्हात्यात म्हणून.”

ते मला ‘तुमी’ म्हणाले. चुलतीनं पदर तोंडाला लावला. पप्पा तसेच उभे राहिले, ताठ, उत्तराची वाट बघत. पुढे आणखी काही बोलून मला अडचणीत आणणार नव्हते, आणि जागेवर परतही जाणार नव्हते.

“पुढची व्याख्या घ्या,” सर माझ्या कानाशी हळू म्हणाले.

मी कागद खाली ठेवला. माईक बंद करायचा कसा ते मला माहीत नव्हतं, त्यामुळे जे बोलले ते सगळ्या हॉलला ऐकू गेलं.

“सर, मला पुढचं वाचता येणार नाही. हे माझे वडील आहेत. त्या दिवशी सगळे खरंच नागपूरला गेले होते. आमचं घर तिथे आहे, आणि तिथे माणसं राहतात.”